प्रभागातल्या उमेदवारांना समोर बसवून घरपट्टी, बजेट आणि सिटी बसचा हिशोब कसा विचारायचा

निवडणूक लागली की आपल्याकडे चौकाचौकात एकच चर्चा, महापौर कोणाचा होणार. जळगाव असो का धुळं, चहाच्या टपरीवर दोन-दोन तास त्यावर जातात. आणि घरपट्टी का वाढली, पैसा जातो कुठे, सिटी बस कधी येणार हे मात्र उमेदवार दारात आला की घाईघाईत विचारलं जातं, तो हात जोडून "करू ना ताई, नक्की करू" म्हणतो आणि मागची पन्नास माणसं त्याला पुढच्या गल्लीत घेऊन जातात. आमच्या कॉलनीत आम्ही ठरवलं की असं नको, प्रभागातले सगळे उमेदवार एकाच दिवशी एकाच ठिकाणी बसवायचे आणि विषय फक्त तीन, कर, खर्च आणि बस. ते जमलं, चांगलं जमलं, आणि नंतर नात्यातल्या-ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की कसं केलं, म्हणून सगळं लिहून काढतेय. मी एका सीएच्या ऑफिसात हिशोब बघते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही एवढंच, बाकी मी पण तुमच्यासारखीच घरपट्टी भरणारी बाई आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. महापालिकेत महापौर आपण निवडत नाही. आपण नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीत निघतं. जळगावात २०१८ ला ७५ पैकी ५७ जागा एकाच पक्षाला मिळाल्या होत्या, तरी मार्च २०२१ मध्ये महापौर दुसऱ्या पक्षाचा झाला कारण नगरसेवकांची मतं फिरली, तुम्हाला मला कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे "आपला महापौर बसू द्या मग बघू" हे उत्तर घ्यायचंच नाही. करवाढीच्या ठरावावर हात वर होतो तो आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाचा, बजेटला मंजुरी देतो तो पण तोच, म्हणून प्रश्न त्यालाच. नगरपरिषद असलेल्या गावांचं वेगळं आहे. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, शहादा इथे नगराध्यक्ष लोक थेट निवडतात, तिथे नगराध्यक्षपदाचे उमेदवार बोलवा, खाली लिहिलेलं बरंचसं तिथेही चालेल.

आणि दुसरं, तीन विषय तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊ नका. आम्ही आधी तसंच ठरवलं होतं, एक रविवार कर, एक रविवार खर्च, एक रविवार बस. आमच्या गल्लीतल्या नानांनी ते मोडून काढलं. नाना एसटीत वाहक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण हिशोब अजून पक्का. ते म्हणाले, "अगं पोरी, एका दिवशी तो सांगेल घरपट्टी अर्धी करतो, दुसऱ्या दिवशी सांगेल पन्नास बस आणतो, दोन्ही दिवशी टाळ्या घेऊन जाईल. एकाच बैठकीत विचार, म्हणजे पहिल्या उत्तराचं ओझं दुसऱ्यावर पडतं." हे इतकं बरोबर निघालं की मी तर म्हणेन बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. खिसा एकच आहे.

आता तयारी. साधारण दहा दिवस आधी लागा.

पहिलं काम, घरपट्टीचं बिल काढा आणि ते खरंच वाचा. आपण फक्त खालची एकूण रक्कम बघतो. वर एक आकडा असतो, करयोग्य मूल्य, सगळा खेळ त्याचा आहे. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं ते धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. समजा महिन्याला २,००० भाडं धरलं, वर्षाचे २४,०००, त्यातून २,४०० गेले, राहिले २१,६००. याच्यावर मग सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्षकर, स्वच्छतेचा कर असे एकेक टक्के लागतात. समजा सगळे मिळून ४० टक्के झाले, तर बिल आलं ८,६४० रुपये. (हे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, तुमच्या बिलावरचे तुम्ही घाला.) आणि थकलं तर शास्ती लागते, महिन्याला २ टक्के, म्हणजे ८,६४० वर महिन्याला १७२ रुपये ८० पैसे, वर्षभर दुर्लक्ष केलं तर दोन हजारांच्या वर जातं ते.

हे कळलं की उमेदवाराचं एक ठरलेलं वाक्य लगेच पकडता येतं. "आम्ही कराचा दर एक टक्काही वाढवणार नाही." दर नाहीच वाढवला पण फेरमूल्यांकन करून २१,६०० चे ३२,४०० केले तर? दर तोच ४० टक्के, बिल मात्र १२,९६० रुपये. दीडपट. दिलेला शब्द पण मोडला नाही आणि आपल्या खिशातून ४,३२० रुपये जास्त गेले. म्हणून प्रश्न असा विचारायचा, "दर आणि करयोग्य मूल्य, दोन्हीबद्दल सांगा, फेरमूल्यांकन झालं तर जुन्या घरांना किती वाढ चालेल तुमच्या मते?" आमच्याकडे हा प्रश्न आल्यावर दोन उमेदवार एकदम गप्प झाले, तिसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की मला हे माहिती नव्हतं, मी वाचून येतो. मला त्याचं बरं वाटलं खरं सांगायचं तर.

तसंच "घरपट्टी माफ करू" म्हणणाऱ्याला बिलावरच्या दोन ओळी दाखवा, शिक्षण कर आणि (दुकान-बिकान असेल तर) रोजगार हमी कर. हे राज्य सरकारचे, महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते, त्यात माफी द्यायचा नगरसेवकाचा काय संबंध. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली ती २०२२ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला म्हणून. मग विचारा, तुम्ही कोणता कर माफ करणार, ठराव कोण करणार, आणि राज्याकडे मंजुरी लागली तर तोवर काय? शास्तीमाफीचं पण असंच आहे, अभय योजना आली की थकबाकीवाले खूश होतात, ते ठीक आहे, काहींची खरंच अडचण असते, पण जो दरवर्षी एप्रिलमध्ये रांगेत उभा राहून पैसे भरतो त्याला काय मिळालं हे पण विचारायला पाहिजे कोणीतरी.

दुसरं काम बजेट. याला लोक फार घाबरतात, जाडजूड पुस्तक बघूनच परत ठेवतात. महापालिकेच्या वेबसाइटवर असतं बहुतेक वेळा, नाही सापडलं तर जळगावकरांनी सरळ सतरा मजलीत (महापालिकेच्या इमारतीत) जाऊन लेखा विभागात विचारावं, आणि तरी नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे हे काम लवकर सुरू करा, निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका.

पुस्तक हातात आलं की सगळं वाचायचं नाही. प्रत्येक पानावर साधारण तीन रकाने असतात, मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. आपण प्रत्यक्ष वाला रकाना बघायचा. अंदाजात काहीही लिहिता येतं, घरपट्टीतून अमुक कोटी येणार, विकास शुल्कातून तमुक येणार, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मे पण येत नाहीत असं होऊ शकतं, मग त्या अंदाजावर उभी केलेली रस्त्यांची कामं कागदावरच राहतात. आम्ही फक्त पाच ओळी काढल्या. मालमत्ता कराची वसुली, राज्याकडून जीएसटीच्या बदल्यात येणारं अनुदान, आस्थापना खर्च म्हणजे पगार-पेन्शन वगैरे, कर्जाचे हप्ते, आणि रस्ते-गटारी. एवढ्या पाच ओळी एका चार्ट पेपरवर जाड मार्करने लिहिल्या, अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी. मुलांनी केलं ते, नववी-दहावीतल्या, आणि त्यांना फार मजा आली.

जीएसटीच्या अनुदानाची ओळ का, ते सांगते. आधी जकात होती, नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या ते आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. मग जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा तो बंद झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. म्हणजे शहराच्या हातातला व्यापारावरचा मोठा कर गेला आणि त्याच्या जागी राज्याकडून दर महिन्याला अनुदान येतं. आता शहराच्या स्वतःच्या हातात मुख्य काय उरलं, तर घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि स्वतःच्या जागांचं भाडं. म्हणून "घरपट्टी अर्धी" म्हणणारा माणूस शहराच्या हातात जे काही थोडं आहे त्यातलंच अर्धं सोडतोय. सोडा की, माझी हरकत नाही, पण मग त्या जागी काय ते सांगा.

भाड्यावरून आठवलं, जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यांच्या भाडेकराराची मुदत २०१२ ला संपली आणि तो विषय किती वर्षं चालला हे सगळ्यांना माहिती आहे. गाळेधारकांची बाजू असते, त्यांचं पोट त्यावर आहे, रेडीरेकनरने (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाने) भाडं लावलं तर छोटा दुकानदार मरतो, हे खरंच आहे. पण भाडं ठरलंच नाही तर तो पैसा घरपट्टीवाल्याच्या अंगावर येतो हे पण खरं आहे. या प्रश्नावर उमेदवाराचं मत विचारा आणि सभेला एखादा गाळेधारक पण बोलवा, त्याचं ऐकल्याशिवाय ठरवू नका.

कर्जाची ओळ तर जळगावकरांनी विसरूच नये. हुडको हा शब्द तिथे कोणाला समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, नगरपालिकेच्या काळात घरकुलांसाठी आणि बाकी योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या कंपनीकडून काढलेलं कर्ज, त्याचे हप्ते पुढच्या कितीतरी बजेटमधून जात राहिले, आणि शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकारला मध्ये पडून एकरकमी फेड करावी लागली. ज्या वर्षी ते कर्ज काढलं त्या वर्षी सभागृहात कोणीतरी विचारायला पाहिजे होतं की वर्षाला हप्ता किती आणि तो कुठून भरणार. तेच आपण आता विचारायचं. उमेदवार म्हणाला "केंद्राकडून शंभर कोटी आणतो" तर लगेच विचारा, त्यात आपल्या पालिकेचा हिस्सा किती, तो कर्ज काढून भरणार का, आणि काम झाल्यावर ते चालवायचा खर्च, विजेचं बिल, माणसं, ते कोणत्या ओळीतून? अमृत योजनेतली पाइपलाइन असो का नगरोत्थान योजनेतला रस्ता, हिस्सा लागतोच.

आस्थापना खर्चाबद्दल एकच, राज्याने ३५ टक्क्यांची मर्यादा सांगितलेली आहे, तुमच्या शहरात तो किती आहे ते चार्टवर लिहा. पण इथे सफाई कामगारांवर राग काढायला लोक लगेच सुरू करतात ते होऊ देऊ नका, झाडू मारणारा माणूस पण पगारातच येतो आणि तो कमी केला तर गटार कोण काढणार.

आता बस, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, थोडं जास्त लिहिते. कारण माझी मुलगी विद्यापीठात जायची तेव्हा रोजचा रिक्षाचा खर्च आणि त्यापेक्षा संध्याकाळी अंधार पडल्यावर ती हायवेला उभी आहे हा विचार, तो ज्या आईला माहिती आहे तिलाच माहिती आहे. आपल्या शहरांचा आकार बघा ना. जळगावात विद्यापीठ गिरणेच्या पलीकडे बांभोरीला, एमआयडीसी दुसऱ्या टोकाला अजिंठा रस्त्याकडे, मध्ये हायवे. धुळ्यात पांझरेच्या एका बाजूला देवपूर आणि दुसऱ्या टोकाला अवधानची एमआयडीसी. कामाला जाणाऱ्या बाया, क्लासची पोरं, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे शेअर रिक्षात कोंबून.

पण बसवर प्रश्न विचारताना भावनेने विचारून चालत नाही. कायद्यात महापालिकेची कामं दोन प्रकारची आहेत, काही करावीच लागतात (पाणी, गटारी, दिवाबत्ती, रस्ते) आणि काही ऐच्छिक, आणि सिटी बस ऐच्छिक मध्ये येते. म्हणजे पैसा कमी पडला की पहिली कात्री बसला लागणार. म्हणून नुसतं "बस आणू" याला काही किंमत नाही, दहा वर्षं चालवणार कशी ते विचारायचं.

१६ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली, १०,००० इलेक्ट्रिक बस, तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर, धुळं पावणेचार लाख, दोन्ही बसतात. भुसावळ त्यात बसत नाही, तिथला उमेदवार या योजनेच्या नावाने बस देतो म्हणाला तर थांबवून विचारा. योजनेत बस ठेकेदाराची, चालवतो पण तोच, त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा, त्यातला काही भाग केंद्र दहा वर्षं देतं, मोठ्या बसला २४ रुपये, मधल्या बसला २२, छोट्या बसला २० रुपये किलोमीटरला. तिकिटाचे पैसे शहराकडे. आणि कमी पडतील ते पण शहराकडूनच.

हे नानांनी सभेत फळ्यावर मांडलं होतं, तसंच इथे देते, दर समजा म्हणून धरलेत. मधली बस, दिवसाला १८० किलोमीटर, ठेकेदाराचा दर ६० रुपये. खर्च १०,८०० रुपये. केंद्राचे २२ प्रमाणे ३,९६०. उरले ६,८४०. दिवसभरात ४०० प्रवासी, सरासरी तिकीट १२ रुपये, आले ४,८००. रोज एका बसला २,०४० रुपये कमी. पन्नास बसचे १,०२,०००. वर्षाचे ३ कोटी ७२ लाख. नाना खडू हातात धरून थांबले आणि म्हणाले, "आता हे ४०० प्रवासी कुठून येतात ते बघा. एसटीत आम्ही याला भारमान म्हणतो. गाडी वेळेवर आली तरच माणूस थांबतो, दोनदा नाही आली की तो रिक्षा धरतो आणि परत येत नाही. भारमान पडलं की हा खड्डा मोठा होतो, खड्डा मोठा झाला की फेऱ्या कमी करतात, फेऱ्या कमी केल्या की भारमान अजून पडतं." सगळे एकदम शांत बसले होते. आयुष्यभर बेल मारलेल्या माणसाने ते सांगितलं म्हणून पटलं, मी सांगितलं असतं तर नसतं पटलं एवढं.

मग एका उमेदवाराने महिलांना अर्धं तिकीट देऊ सांगितलं. मार्च २०२३ पासून एसटीत आहे तसं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, मला हवंच आहे ते. पण एसटीला त्याची भरपाई राज्य देतं, सिटी बसमध्ये महापालिकेने सवलत दिली तर भरपाई महापालिकेचीच. अर्धे प्रवासी महिला धरल्या तर एका बसला रोज १,२०० रुपये आणखी, पन्नास बसचे वर्षाला २ कोटी १९ लाख. दोन्ही मिळून ५ कोटी ९१ लाख. मग समोरच्या चार्ट पेपरवरची मालमत्ता कराची प्रत्यक्ष वसुली दाखवून विचारलं, यातून देणार का, का वसुली वाढवून देणार, का रस्त्याचं एखादं काम पुढे ढकलून? तिन्हीपैकी कोणतंही उत्तर चालेल मला, उत्तर पाहिजे. धुळ्याकडच्या एक आजी पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी अहिराणीत एकाच वाक्यात विचारलं, "पैसा कथाईन आनशी भाऊ?" (पैसा कुठून आणशील भाऊ?) आणि खरं तर अख्ख्या सभेचा प्रश्न तोच होता.

बसवर अजून विचारा, पहिले तीन मार्ग कोणते, शेवटची बस किती वाजता (एमआयडीसीची शिफ्ट सुटते त्यानंतर पाहिजे), चार्जिंग डेपोची जागा कुठे, आणि रिक्षावाल्यांशी बोललात का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आमच्या गल्लीत चार घरं रिक्षावर चालतात. बस येणार म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांना सभेत न बोलवता बसचं ठरवणं मला तरी बरं वाटत नाही. आमच्याकडे एक रिक्षावाला भाऊ उठून बोलला की मेन रोड बसला द्या, आतल्या कॉलन्या आम्हाला द्या, थांब्यापर्यंत आम्ही आणतो माणसं. इतकं चांगलं उत्तर एकाही उमेदवाराने दिलं नव्हतं.

सभा कशी घ्यायची आता. जागा शाळेचं मैदान, सोसायटीचा हॉल, कोणाची मोठी गच्ची, पण देवळाचा सभामंडप नको, प्रार्थनास्थळात प्रचार आचारसंहितेत बसत नाही आणि उगाच तुमचीच तक्रार होईल. माइक लावणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज करून परवानगी घ्या, रात्री दहाच्या आत संपवा, आणि प्रचाराची मुदत संपायच्या आतलाच दिवस धरा. पाणी यायचा दिवस टाळा! आमचा पहिला दिवस नळाच्या दिवशी ठरला होता, बायकांपैकी एकही जण आली नसती, आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी सोडून सभेला कोण बसणार. रविवारी संध्याकाळी पाचला ठेवलं मग.

उमेदवारांना पत्र सगळ्यांना सारखंच द्या, एकाच दिवशी, अपक्षांना पण. पत्रात प्रश्न आधीच लिहून द्या, हे महत्त्वाचं, त्यांना पकडायचं नाहीये आपल्याला, तयारी करून येऊ दे. एकाने फोनवर सांगितलं "काय भो, परीक्षा घेता का आमची", आम्ही म्हटलं हाव भाऊ, पण पेपर आधीच दिलाय. तो आला. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा, पण त्याच्याबद्दल एक शब्द वाईट बोलू नका. हार नाही, शाल नाही, घोषणा नाही, पक्षाचे गमछे बाहेर. चहा आपला, उमेदवाराकडून भरीत पार्टी तर लांबच राहिली, पाण्याची बाटली पण घ्यायची नाही.

एका प्रश्नाला प्रत्येकाला तीन मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून एका मुलीला समोर बसवा. सूत्रधार असा निवडा ज्याच्या घरातलं कोणी कुठल्याच पक्षात नाही, हे आपल्याकडे अवघड आहे मला माहिती आहे, आम्ही शेवटी दुसऱ्या प्रभागातल्या एका शिक्षिकेला बोलवलं. लोकांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाहीतर गटारीचं झाकण आणि समोरच्याचं अतिक्रमण यातच तास जातो. ते प्रश्न खोटे नसतात पण त्यासाठी वेगळी बैठक ठेवा. भाडेकरूंना पण बोलवा, घरपट्टी घरमालक भरतो असं म्हणतात पण भाडं वाढतं कशामुळे.

उत्तर ऐकलं की एक जण ते चार्ट पेपरवर एका ओळीत लिहील आणि मोठ्याने वाचून दाखवेल, "तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" उमेदवार हो म्हणाला की पुढचा प्रश्न. या वाचून दाखवण्यानेच निम्मी गोलमोल उत्तरं सरळ झाली आमच्याकडे. एक जण म्हणाला होता "करप्रणाली लोकाभिमुख करू", लिहिणाऱ्या मुलाने विचारलं काका म्हणजे काय लिहू, बिल कमी का जास्त? त्यावर तो हसला आणि म्हणाला लिही, पहिली दोन वर्षं वाढ नाही, त्यानंतर वसुली बघून. आता हे उत्तर झालं.

मतदानाला जाताना एक, प्रभागात अ, ब, क, ड अशा जितक्या जागा तितकी मतं द्यायची असतात, एकच बटण दाबून निघू नका. सगळ्या जागांवर एकाच चिन्हाचं बटण दाबलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. चार्ट पेपरचा फोटो ग्रुपवर टाका आदल्या दिवशी, खाली स्वतःचं मत लिहू नका, फक्त फोटो.

आणि निकाल लागला की चार्ट पेपर फेकू नका. आमचा गुंडाळून नानांच्या कपाटावर ठेवलाय. पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असं कायद्यात आहे, आयुक्त बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते महासभेत जातं. स्थायी समितीत १६ जण असतात, आपल्या प्रभागातलं कोणी त्यात गेलं का ते जानेवारीतच विचारून ठेवा. गेलं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच जण मिळून चार्ट पेपर घेऊन त्यांच्या घरी जायचं, सकाळी नऊच्या आत, तेव्हाच भेटतात.